विंडशिअर ओरडायचं काम

मुलगी विमान चालवायला शिकते. शिवाजीनगरातून तिने कॉकपिटचं मोठं चित्र छापून आणलं आणि कपाटाच्या दारावर चिकटवलं. समोर खुर्ची, डाव्या हाताला स्टूल, त्यावर पालथी वाटी. वाटी म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा. सिम्युलेटरची परीक्षा दोन दिवसांवर आली होती.

माझं काम एवढंच, की ती दुसऱ्याच विचारात असताना एकदम "विंडशिअर!" असं ओरडायचं. जमिनीजवळ कधी कधी वारा अचानक फिरतो, समोरचा वारा पाठीमागून येऊ लागतो आणि विमान खाली जातं. तशी खबर आधीच मिळाली तर उतरायची घाई करायची नाही, वरच थांबायचं. त्यासाठी जास्तीचं इंधन घेऊन निघतात. पण विमानातल्या मशीनने ओरडून इशारा दिलाच, तर दांडा पूर्ण पुढे, नाक वर, आणि बाहेर आलेली चाकं आत घ्यायची नाहीत. विचार करायला वेळ नसतो.

मला मात्र ओरडता येत नाही. चौथीत शाळा सुटली, तोवर वर्गात माझा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"आई, ते मशीन लाजत नाही. जोरात!"

डोळे मिटून ओरडले. समोरच्या घरातल्या कानडी अक्का धावत आल्या. "अय्यो, काय झालं गं?"

मुलगी चित्राकडे बघत, वाटी पुढे रेटून बसलेली. मधेच सोडायचं नसतं, म्हणून ती हललीही नाही. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"झुरळ होतं," म्हणाले आणि दार लोटलं.

"झुरळ?" मुलगी वळली. "माझी लाज वाटते तुला?"

तिची नाही, माझीच वाटते, हे काही तोंडातून निघालं नाही. माझ्याऐवजी तिने फोनवर गजर लावला. पण तिनेच लावलेला गजर. वाजायच्या आधीच हात वाटीकडे जायचा. मला ते दिसत होतं. मी कणीक मळत राहिले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती त्याच खुर्चीत जेवत होती. "आई, सांबार स्वल्प वाढ, थोडंच."

मी पळी ठेवली आणि ओरडले. घास तोंडातच राहिला, डावा हात मात्र वाटीकडे सुटला. वाटी खणकन खाली पडली. अक्का पुन्हा दारात.

"तिची परीक्षा आहे, अक्का. विमानाची. ओरडायचं काम माझं."

"काय? ऐकू नाही आलं."

कान तापले होते. पुन्हा सांगितलं.