राजानं बांधलेला फेटा

कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर आई, म्हणजे आमची अव्वा, रडत होती आणि वडील, अप्पा, माझ्या ट्रंकेवरून कंडक्टरशी भांडत होते. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी प्रागला निघालो होतो, नाटकाचं नेपथ्य शिकायला. आमच्या मंगळवार पेठेत निम्म्या लोकांना प्राग कुठं आहे ते ठाऊक नव्हतं आणि उरलेल्यांना नेपथ्य हा शिकायचा विषय असतो हे पटत नव्हतं. गाडी सुटताना अप्पा खिडकीशी आले. "शिकून ये. तुझा फेटा मीच बांधणार हाय," म्हणाले. मी मान डोलावली. त्या फेट्यापासूनच मी लांब पळत होतो, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार?

अप्पांचं कापडाचं दुकान होतं, पण पेठेतल्या नवरदेवांना फेटा बांधायचा मान त्यांचाच. तयार फेट्याला ते टोपडं म्हणायचे. नवरदेवाला समोर बसवून कापडाचं एक टोक त्याच्या दातात द्यायचे आणि पीळ घालायला लागायचे. दातात टोक असल्यावर बोलता येत नाही. तेवढ्यात अप्पा प्रत्येकाला एकच गोष्ट ऐकवायचे, "पोरगी घर सोडून यायला लागलीया. तिला परकं वाटू देऊ नकोस." नवरदेव बिचारा नुसता हुंकार द्यायचा. मला मुली नाही, मुलगे आवडतात हे मला कॉलेजातच कळलं होतं. पेठेत ते बोलायची सोय नव्हती. मीही टोक दातात धरूनच वाढलो म्हणा.

प्रागचे पहिले हिवाळे वाईट गेले. कांदा-लसूण चटणी संपल्यावर मी रिकामा डबा हुंगत बसायचो. हळूहळू चेक बोलायला लागलो, ट्रॅमनं हिंडायला लागलो, एका नाट्यगृहात कामाला लागलो. तिथं प्रकाशयोजना करणारा यान भेटला. पुढं आम्ही एकत्र राहायला लागलो. घरी मात्र मी "रूम पार्टनर" असं सांगून मोकळा झालो.

दोन हजार सालानंतर आमच्या नाट्यगृहानं चारशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी ऐतिहासिक नाटक बसवायला घेतलं. राजाचा एका पुरुषावर जीव जडतो, सरदार खवळतात, आधी त्याला मारतात, मग राजालाही. जुने नट सांगायचे, पूर्वी कम्युनिस्ट राजवटीत असली नाटकं लोक सरकारला बसणारे टोमणे ऐकायला बघत. राजाचं प्रेम मैत्री म्हणून झाकून नेलं जाई. आमची दिग्दर्शिका म्हणाली, आता झाकायचं नाही. राजानं भर दरबारात त्याला स्वतःच्या हातानं सजवायचं, पण मुकुट नको. मी म्हटलं, फेटा बांधू दे.

तालमीत राजा झालेल्या नटाला शिकवताना मी सवयीनं कापडाचं टोक प्रियकर झालेल्या नटाच्या दातात दिलं. त्याचं नेमकं तिथंच लांबलचक भाषण होतं! तो भडकला, पण दिग्दर्शिका हरखली आणि तिनं भाषणच कापलं. आता राजा फेटा बांधायचा, प्रियकर मुकाट त्याच्याकडं बघत राहायचा, मागं सरदार दातओठ खात उभे. पहिल्या प्रयोगाला मी विंगेत ढसाढसा रडलो.

त्या प्रवेशाचा फोटो घरी धाडला आणि पंधरवड्यानं फोन केला.

"कुणी बांधलाय ह्यो? डाव्या अंगाला ढिला हाय," अप्पा म्हणाले.

"राजानं. मीच शिकवलं त्याला."

"आन बसलाय त्यो कोण?"

"राजाचं प्रेम असतं त्याच्यावर. नवराबायकोचं असतं तसं. म्हणून सरदार दोघांना मारतात."

आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. "अप्पा, मीपण तसाच आहे. यान माझा रूम पार्टनर नाही."

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"आमी काय त्या सरदारांसारखी मानसं हाय व्हय रं?" त्यांचा आवाज फाटला होता. "ये. त्येलाबी आण."

अव्वा मात्र वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. तरी चुलतभावाच्या लग्नाला गारगोटीला आम्ही दोघं गेलो, तेव्हा यानच्या ताटात तिनं न विचारता दुसरी पोळी वाढली.

लग्नाच्या सकाळी अप्पांनी आधी मला बसवलं. माझा फेटा त्यांनी नेहमीची गोष्ट न ऐकवताच बांधला. मग यानला बसवलं, टोक त्याच्या दातात दिलं.

अप्पा जाऊन आता काही वर्षं झाली. दुकानही दुसऱ्याचं झालं. तिकडं कोल्हापुरात राहिलेले तुम्ही विचारता, परत कधी येणार. माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, अजून घरची आठवण येते का. येते तर. पण घर म्हटलं की मला आता ती गारगोटीची सकाळच आठवते. यानला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तो टोक दातात धरून नुसता हुंकार देत होता आणि अप्पा पीळ घालता घालता त्याला सांगत होते, "पावणं, पोरगं घर सोडून आलंय तुमच्याकडं. त्येला परकं वाटू देऊ नकासा."