फणसांब्याचं बोट

दुपारची झोप माणसाला दारातून नेत नाही, भिंतीतून ओढून नेते. प्रयोगशाळेत शरयू सूक्ष्मदर्शकावर कपाळ टेकते, आणि पंख्याची घरघर बघता बघता फणसाच्या पानांची सळसळ होते.

समोर सिंधुआत्या. तिला जाऊन वर्ष उलटलं, पण तिला त्याचं काय? अंगणात सहाण घेऊन ती फणसांबा उगाळतेय. फणसाच्या खोडावर लाकडासारखी वाढणारी ही बुरशी. बाळाचं तोंड आलं की कोकणात चाटवतात.

"आत्या, आत्ता नको. संध्याकाळी पेशींच्या बशीत फणसांब्याचा अर्क घालायचाय. शेवटची बशी आहे."

"ठाऊक आहे. आत मीच तर आहे."

खोटं नाही ते. आत्यानं जाण्याआधी दिलेल्या कातडीपासूनच शरयूनं या मूलपेशी केल्यात. पुढे काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या. फणसांब्यातलं एक द्रव्य त्यांना हृदयाकडे वळवील, असा तिचा कयास. पण आधीच्या सगळ्या बशांतल्या पेशी अर्क पडताच मेल्या.

"माझं काय करणार आहेस?"

"हृदय."

"शोभलं. ज्यानं दगा दिला, तेच परत गळ्यात."

"का दिला, तेच बघायचंय. तुझ्यासारखा माझाही ठोका चुकतो, आत्या."

उगाळणारा हात थांबतो. अंगणाचा एसटी स्टँड झालाय. गाडी घरघरतेय, आत्या खिडकीत, आणि बशी तिच्या मांडीवर.

"बशी दे."

"आधी हातातला ड्रॉपर बघ. एवढा भरून? बाळाच्या तोंडात अख्खा फणसांबा कोंबतेस होय गं? बोटाच्या टोकाला लागेल तेवढाच चाटवतात."

"माप असतं त्याला."

"मापानंच मेल्या ना सगळ्या?"

गाडी हलते. शरयू धावते. छातीत एक ठोका गळतो, पाय जमिनीला लागतच नाहीत.

"आत्या, दुसरी बशी नाहीये माझ्याकडे."

आत्या खिडकीतून तपकिरी बोट काढून दाखवते. फणस फोडताना विळीनं चिरलेलं तेच बोट.

"भिऊ नको, बाय. मी लावते."

पंखा घरघरतोय. शरयू डोळे उघडते. अर्काची कुपी सीलबंद. बशी जागच्या जागी, पण तिच्या झाकणावर तपकिरी बोटाचा ठसा आहे, मधोमध आडवा व्रण. शरयू अंगठ्यानं तो पुसू बघते.

पुसला जात नाही. ठसा आतल्या बाजूला आहे.