सतरा नंबरची रिंग

मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मिलिंग मशीनचा आवाज बदलला. वेळ पक्की आठवते, कारण आमच्या लेकीला, परीला, अंगणवाडीत सोडायला मी चप्पल घालत होते. मशीनखाली लोखंडाचा चुरा साचतो तसे शेडमधले किस्से साचतात. रोज झाडलं तरी दुसऱ्या दिवशी आहेतच. पण त्या चार दिवसांतले मी झाडून टाकलेले न्हाईत.

आमची शेड नवीन जालन्यात आणि खोली शेडला लागून. आमचे हे, भास्कर, एकच मशीन चालवतात. इतकं जुनं, की बनवणारी कंपनीही आता उरली न्हाई.

"काही न्हाई, चालंल," हे म्हणाले.

"अहो, ते दात खाऊन राह्यलं," मी म्हणाले. परी झोपेत खाते, अगदी तसे.

दुपारी रज्जाकचाचा आले, जुन्या जालन्यातले म्हातारे मिस्त्री. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "बेअरिंग गेली. कटर फिरतो ते सगळं स्पिंडल हेड खोलावं लागंल." मंग ह्यांच्याकडं पाहिलं. "बायकोनं सकाळीच सांगितलं म्हणं. तू काय ऐकून राह्यला होता?"

* * *

पुण्याहून ह्यांच्या मावसभावाचे फोन चालूच होते. कंपनीत जागा आहे, एका खोलीत चौघं राहतो, एकटा ये. ह्यांनी त्याला शुक्रवारपर्यंत थांबवलं. हेड बसलं तर जालना, न्हाई बसलं तर पुणं. म्हंजे परीला बाप महिन्यातून एकदा दिसणार.

* * *

चाचांचा एक नियम होता: उतरलं तसं चढतं. जो पार्ट निघंल तो पत्र्यावर त्याच रांगेत ठेवायचा आणि त्याच्याजवळ नंबराची चिठ्ठी. चिठ्ठ्या माझ्याकडं दिल्या. सातवीनंतर एवढं लिहायची वेळ पहिल्यांदाच आली होती. पार्टांची नावं मला येत न्हाईत, म्हणून आठवण राहायला नंबराखाली मी माझीच नावं लिहिली. पोळपाट, झाकणी, जाड चकती. सोळा आणि सतरा नंबरला दोन रिंगा होत्या, मोठीच्या आत लहान. त्यांना लिहिलं, गोठ आणि पाटली.

चाचांनी चिठ्ठ्या वाचल्या. हसतील वाटलं. ते मान वर न करता म्हणाले, "भास्कर, पोळपाट धुऊन ठेव."

* * *

गुरुवारी संभाजीनगरहून नवीन बेअरिंगा आल्या. त्या ठोकून बसवत न्हाईत, तेलात गरम करून बसवतात. चाचांनी माझी कढई मागितली. वास आला म्हणून शेजारच्या काकू दारात आल्या. "काय तळून राह्यली गं?"

"बेअरिंग."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या न्हाईत.

* * *

शुक्रवारी सकाळी हेड चढवायला घेतलं. पंधरा झालं, सोळा झालं. सतराची चिठ्ठी होती, रिंग नव्हती.

चाचा खाली बसले. "दोन्ही बेअरिंगांच्या मधी ही जोडी बसते. दोन्हीची जाडी बराबर, केसाचाही फरक न्हाई. एक गेली की दुसरी बेकार."

तिघांनी शेड झाडली. चुऱ्यात लोहचुंबक फिरवलं. हे मला म्हणाले, "तू राखत होती ना?" राखत मीच होते.

या गडबडीत परीची अंगणवाडी बुडालीच होती; अकराला तिला आंघोळीला घेतलं. थंडीचे दिवस, स्वेटर काढला, तर बाहीच्या आत मनगटाच्या वर सतरा नंबर.

"माझी पाटली," परी म्हणाली.

साबण लावला, तेल लावलं. ओढून ओढून हात सुजला आणि परी किंचाळायला लागली. ह्यांनी तिच्याकडं एकदा पाहिलं. चाकानं लोखंड कापायचा हँड ग्राइंडर घेतला, पिन बोर्डात घातली. "कापतो."

"जोडी जाईल," चाचा म्हणाले.

"जाऊ द्या. पुणं तर पुणं."

मी परीला पोटाशी धरून मागं सरकले. ते चाक तिच्या कातडीजवळ मला बघवलं नसतं. चाचा मधी उभे राहिले. "घाई नको. चढलं ते उतरतं. बेटी, शिवायचा दोरा आण."

दोऱ्याचं एक टोक त्यांनी रिंगेखालून कोपराकडं काढलं. बाकीचा दोरा रिंगेपासून अंगठ्याच्या बुडापर्यंत वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळला. मंग कोपराकडचं टोक धरून एकेक वेढा सोडत गेले, तशी रिंग पुढं पुढं सरकली आणि त्यांच्या तळहातावर पडली. परीनं लगेच दुसरा हात पुढं केला.

चारला मशीन चालू झालं. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, चाचांनी तो काढून माझ्याकडं दिला. "आधी हिला."

मी मूठ कानाला लावली. हे मशीनकडं न्हाई, माझ्या तोंडाकडं बघत होते. मी बराच वेळ ऐकलं. आत कुणी दात खात नव्हतं.

बाकावर फोन वाजत होता. ह्यांनी आधी बोर्डातली ग्राइंडरची पिन काढली, मंग फोन उचलला. "दादा, ती जागा दुसऱ्याला दे."

तुमच्या शेजारी कुणी मशीन खोलत असंल तर त्यांना एवढं सांगा: रिंगा तारेत ओवून उंच खिळ्याला टांगा. आणि काही सापडेना झालं तर बायकोवर चिडायच्या आधी लेकराच्या बाह्या वर करून बघा. त्यांनाही म्हणावं, पुढं सांगा.