दोन्ही बाजूंनी तीस वजा

आमचे साडू उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचे. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा कामावर पाहिलं, तेव्हा ते आठव्या मजल्याच्या उंचीवर, दोन दोरांना टांगलेल्या फळीवर बसून, पाय हलवत डबा खात होते. त्या फळीला ते लोक झुला म्हणतात. मला खालून बघूनच गरगरलं, आणि हे वरून ओरडले, "या साडूभाऊ, जागा आहे एकाची!" कामावर त्यांना सगळे पाखरू म्हणायचे, ते काही उगाच नाही.

अशा माणसाची बोबडी वळायची ती फक्त बीजगणितापुढे. शाळेत एकदा मास्तरांनी त्यांना फळ्यापाशी उभं केलं, क्षची किंमत काढायला सांगितली आणि तास संपेपर्यंत तसंच उभं ठेवलं. वर्ग हसत होता. दहावीला बाकीचे विषय सुटले, बीजगणितात गचकले. पुन्हा बसायचं नाव काढलं नाही, आणि कुणी काढलं की उठून बाहेर जायचे.

पन्नाशीजवळ गुडघे कुरकुरायला लागले. मुकादमाची जागा रिकामी होती, पण ठेकेदारानं नियम काढला की मुकादम दहावी पास हवा. थोरल्या मेव्हणीला आम्ही ताई म्हणतो. ताईनं सरळ प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घालून टाकलं आणि मग यांना सांगितलं.

"अहो, एकच तर विषय राहिलाय."

"तोच तर राहिलाय," हे म्हणाले.

पहिल्या दिवशी मी त्यांना वर्गापर्यंत सोडायला गेलो होतो. शाळेच्या पायऱ्या चढताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. वर्गात एक दवाखान्यातली आया, एक पहारेकरी, शिवणकाम करणाऱ्या दोघी आणि हे. बाई दिवसा त्याच शाळेत गणित शिकवायच्या. किडकिडीत, चष्मा डोक्यावर, बोलणं तोडून टाकल्यासारखं. कुणाला फळ्यापाशी बोलवायच्या नाहीत, पण बोलावतील या धास्तीनं यांना महिनाभर नीट ऐकूच आलं नाही. 'वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट' हे गणित आलं तेव्हा हे पुटपुटले, "त्यापेक्षा बापालाच विचारावं ना." आया खुदकन हसली. बाईही हसल्या. म्हणाल्या, "बाप गावाला गेलाय असं समजा. म्हणून त्याला क्ष म्हणायचं. घाबरायचं काही नाही, घरात नसलेल्या माणसाचं ते नाव आहे."

त्यानंतर जरा जमायला लागलं. समीकरण म्हणजे तराजू. डाव्या पारड्यातून जे काढाल ते उजव्यातूनही काढायचं, एवढं त्यांना पटलं. तळहाताला घाम फुटायचा, वही ओली व्हायची, पण उत्तरं येऊ लागली.

मग घातांकाचा धडा आला आणि सगळं बिघडलं.

मोठमोठ्या संख्या थोडक्यात कशा लिहायच्या हे सांगायला बाईंनी आकाश घेतलं. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तीन गुणिले दहाचा पाचवा घात. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला साधारण पाचशे सेकंद लागतात, म्हणजे पाच गुणिले दहाचा दुसरा घात. "आता गुणा. घातांकांची फक्त बेरीज करायची." यांनी केली. पंधरा गुणिले दहाचा सातवा घात. पंधरा कोटी किलोमीटर. स्वतःच्या हातानं काढलेल्या या उत्तराची शून्यं त्यांनी पुन्हा मोजली. बाई उत्साहात होत्या. त्या अंतरावरून पृथ्वीच्या वाटेची लांबी काढली, वर्षाच्या सेकंदांनी भागलं आणि म्हणाल्या, "सेकंदाला तीस किलोमीटर. आपण आत्ता या बाकांसकट त्या वेगानं चाललोय. खाली आधार काही नाही."

यांनी हात वर केला. वर्गात पहिल्यांदाच.

"बाई, इमारतीला आम्ही दोर बांधतो. इमारत कशाला बांधलीय?"

"जमिनीला."

"आणि जमीन?"

बाई म्हणाल्या, "ती सूर्याकडे पडत असते. सतत पडते आणि पुढे धावत असल्यानं सूर्याला सतत चुकवते."

सगळ्यांना गंमत वाटली. हे घरी आले आणि जेवले नाहीत.

पुढचा प्रसंग त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितला, तोही नजर चुकवत. सकाळची वेळ होती. सातव्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीवर काम चाललं होतं. शेजारच्या झुल्यावर त्यांचा नेहमीचा जोडीदार होता. रोलर रंगात बुडवायला हे वळले आणि समोर आकाशात अर्धा चंद्र दिसला, दिवसाउजेडी, फिकट. हजारदा पाहिला असेल. पण त्या दिवशी त्यांना तो आकाशाला चिकटवलेला दिसला नाही. मध्ये अंतर दिसलं. चंद्राच्या अलीकडे अंतर, पलीकडे अंतर, आणि झुल्याच्या फळीखालीही तेच. वर कुठे आणि खाली कुठे, हेच कळेना. हातातला रोलर सुटला. तो खाली पोचल्याचा आवाज आला, पण त्या आवाजानं त्यांना धीर आला नाही.

"पाखरू! अरे, काय झालं?" जोडीदार ओरडला.

यांनी दोराला मिठी मारली होती. कमरेचा पट्टा नीट बांधलेला होता, दोर नवा होता, वारा नव्हता. तरी दात वाजत होते.

जोडीदार शहाणा माणूस. त्यानं खाली बघ, वर बघ, असलं काही सांगितलं नाही. आपला झुला सरकवत जवळ आला आणि शेजारच्या खिडकीच्या काचेवर टकटक केली. आत एक म्हातारी भाजी निवडत होती. तिनं खिडकी उघडली.

"आजी, जरा बाजूला व्हा. आमचा माणूस आत घेतो."

"चपला काढून या म्हणावं," म्हातारी म्हणाली. पण यांचा चेहरा पाहिला आणि लगेच स्वतःच हात धरून ओढायला लागली. हे स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथे पडले आणि टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरून राहिले. म्हातारीनं पाणी दिलं, डोक्याखाली उशी दिली. विचारलं, "चक्कर आली का रे बाबा?" हे म्हणाले, "नाही. सगळंच पडतंय." तिनं छताकडे पाहिलं आणि मुलीला फोन लावला.

त्यानंतर ते कामावर गेले नाहीत. ताईनं मला बोलावून घेतलं.

"भाऊजी, दिवा बदलायला स्टुलावर चढत नाहीत हो. पलंग सोडून खाली झोपतात. गच्चीचं दार यांनीच आतून कडी घालून ठेवलंय. डोक्यावर तर काही परिणाम झाला नसेल ना?"

आत गेलो तर हे भिंतीला पाठ टेकून बसलेले. मी काहीबाही बोललो: विश्रांती घ्या, होईल ठीक. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, माझ्याबरोबर शाळेत चला. बाईंना सांगून येतो, की मी सोडला वर्ग. न सांगता सोडणं बरं दिसत नाही."

संध्याकाळी गेलो. बाई मैदानातल्या ओट्यावर बसून वह्या तपासत होत्या. उजेड अजून होता. यांनी मान खाली घालून घडलेलं सगळं सांगितलं. मला वाटलं, बाई समजूत घालतील किंवा हसतील. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"इतकी वर्षं मी हे शिकवते," त्या म्हणाल्या. "मुलं लिहून घेतात, पास होतात. घाबरलं कुणीच नाही. तुम्ही घाबरलात, म्हणजे तुम्हाला ते खरं वाटलं."

"मग आता काय करू?"

"ते मला ठाऊक नाही. पण एक गणित करा." त्यांनी खडूचा तुकडा दिला आणि ओट्याकडे बोट दाखवलं. "तुमचा वेग किती, लिहा. सूर्याकडून बघितलं तर."

यांनी तीस लिहिलं.

"इमारतीचा?"

तीस.

"दोराचा? झुल्याचा? तुमच्या जोडीदाराचा?"

तीस, तीस, तीस.

"आता तुम्ही झुल्यावरून रोज एक मजला खाली सरकता. तो वेग क्ष. तुमचा एकूण वेग तीस अधिक क्ष म्हणा. इमारतीचा तीस. दोन्ही बाजूंनी तीस वजा करा."

यांनी केले. ओट्यावर एका बाजूला क्ष उरला, दुसऱ्या बाजूला शून्य.

"बघा. इमारत उभी आहे आणि तुम्ही हळूहळू उतरताय. तीस सगळीकडे सारखे होते, म्हणून आयुष्यभर तुम्हाला कळले नाहीत. ते खोटे नाहीत, पण तुमच्या कामात ते येत नाहीत." मग म्हणाल्या, "खरं तर दिशा बिशा धरून गणित यापेक्षा किचकट आहे. पण वजाबाकी हीच."

"कळलं," हे म्हणाले. "पण पाय अजून कापताहेत."

"कापू देत. उद्या वर्ग आहे."

वर्ग सोडायला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसला. भीती गेली म्हणून नव्हे. दोरावर परत जाता येत नव्हतं, आणि मुकादमाच्या जागेला तरी पास व्हायला हवं होतं. मधल्या काळात ठेकेदारानं खालची कामं दिली, रंग कालवणं, डबे धुणं. जुनी माणसं टोमणे मारायची. हे ऐकून घ्यायचे.

परीक्षेला मी त्यांना घेऊन गेलो. फाटकापाशी त्यांनी माझं मनगट धरलं. आत काय झालं ते त्यांनीच सांगितलं. प्रश्नपत्रिका हातात आली आणि एकही अक्षर ओळखू येईना. फळा, मास्तर, हसणारा वर्ग, सगळं परत आलं. शेजारचे पुरवणी मागत होते, तरी यांचं पहिलं पान कोरंच. शेवटी पर्यवेक्षकाकडून पाणी मागून प्यायले. मग सगळ्यांत लहान समीकरण शोधलं आणि दोन्ही बाजूंनी काय काढता येईल, एवढंच बघितलं. ते सुटलं. मग त्याच्या खालचं. आलेखाचा प्रश्न राहून गेला. घातांकाचा प्रश्न होता, तो त्यांनी डोळे अर्धे मिटून सोडवला.

पास झाले, जेमतेम. ताई रडली. बाईंनी फोनवर फक्त विचारलं, "आलेख का सोडलात?"

मुकादम म्हणून पहिल्या दिवशी गच्चीवर जावंच लागलं, कारण दोरांच्या गाठी तपासणं हेच मुकादमाचं पहिलं काम. जोडीदार सांगतो, की पाखरू जिन्यातून वर आले ते जीव मुठीत धरून, आणि कठड्यापर्यंत चक्क रांगत गेले. पोरं फिदीफिदी हसली. हे बसल्या बसल्या प्रत्येक दोरावरून हात फिरवत सरकत राहिले. तिसऱ्या दोरापाशी थांबले. आतला पीळ मऊ लागत होता, बाहेरून काही दिसत नव्हतं. त्यांनी खिशातून सुरी काढली आणि दोर कापून टाकला, म्हणजे तो पुन्हा कुणी वापरायला नको.

ठेकेदार खालून वर येऊन तापला. "चांगला दोर होता तो!"

"असेल," हे म्हणाले. खाली बसूनच, कठडा धरून. "मला भीती वाटली."

दिवसाचं काम बुडालं. तो दोर माणसाला पेलला असता की नसता, हे कुणालाच कधी कळलं नाही. जोडीदारानं मात्र त्या दिवसापासून आपला दोर त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय झुल्यावर पाय ठेवला नाही, आणि महिन्याभरात बाकीचेही रांगेत उभे राहू लागले.

परवा आमच्याकडे आले होते. जेवण झाल्यावर मी धीर करून विचारलं, "आता कसं वाटतं हो वर गेल्यावर?"

"रोज तेवढीच भीती वाटते," ते म्हणाले. मग माझ्या बायकोकडे बडीशेप मागितली, आणि आलेख कसा काढतात ते मला कागदावर समजावून सांगायला लागले.