उभयपक्षी मान्य

दोन भांडणाऱ्या माणसांची एका वाक्याखाली सही घेण्यात माझ्या आतोबांची बरोबरी करणारा माणूस शहापूर-मुरबाडात झाला नाही. ते अर्ज लिहायचे. कोर्टाबाहेर चिंचेखाली एक छत्री, एक पेटी आणि कागदावर मधोमध उभी रेघ. रेघेच्या डावीकडे 'उभयपक्षी मान्य', उजवीकडे 'वाद'. त्यांचं म्हणणं असं, की माणसं ज्यावरून भांडतात त्यातलं बारा आणे दोघांना आधीच मान्य असतं. तेवढं लिहून घेतलं की घसा वाचतो. घरीही हाच कायदा. "आमटी खारट आहे, हे दोघांना मान्य," ते आत्याला सांगत. "वाद एवढाच, की मी काल अळणी म्हणालो म्हणून आज झाली का?" आत्या म्हणे, "मान्य-बिन्य काय नाय. जेवा, नायतर उठा." एकदा मुरबाडच्या एसटीत खिडकीवरून दोघे हातघाईवर आले. आतोबांनी "खिडकी एकच आहे, मान्य?" इथपासून सुरुवात केली. मुरबाड येईपर्यंत दोघांच्या सह्या झाल्या होत्या आणि दोघे मिळून आतोबांवर चिडले होते.

सोमा किन्हवलीकडच्या पाड्यावरचा, बिनजमिनीचा मजूर. मुरबाडच्या एका शेठच्या वखारीत गवताच्या गाठी दाबताना यंत्राची साखळी तुटली आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. शेठ आडमुठा होता, खोटा नव्हता. आतोबांनी दोघांना दोन दिवस समोरासमोर बसवलं आणि लिहून घेतलं : साखळी गंजलेली होती, दोष वखारीचा. वाद उरला तो हात किती निकामी झाला एवढाच. साखळी तुटताना पाहणारा एकटा राघो, सोमाचा मेव्हणा. तो वीटभट्टीवर निघाला होता. थांबू का, म्हणून विचारायला आला.

"कशाला? मान्य गोष्टीला साक्ष लागत नाही. जा खुशाल," आतोबा म्हणाले.

तो कागद भरपाईच्या दाव्याला जोडून शहापूरच्या कोर्टात गेला. निकालाच्या दिवशी जज्जसाहेबांनी तो बाजूला सारला आणि वाचून दाखवलं, की साखळी गंजलेली असल्याचा पुरावा नाही, सोमानेच हात आत घातला असावा, दावा रद्द. सोमाने शेठकडे पाहिलं, शेठने आतोबांकडे. अर्ज लिहिणाऱ्याने कोर्टात तोंड उघडायचं नसतं. आतोबा उठले.

"साहेब, हे तर दोघांनी मान्य केलंय!"

"कोर्ट तुमच्या कागदाला बांधलेलं नाही."

"नसू दे. फाडा कागद. पण फाडणार आहात, एवढं आधी सांगायचंत तरी! यांचा साक्षीदार मी विटा पाडायला पाठवलाय."

शिपायाने दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. मागून शेठ कुरकुरत आला, "मी हरायला तयार होतो की हो!"

सोमा एवढंच म्हणाला, "भाऊ, राघोला ठेवला असता, तर?"

आतोबांनी भिवंडीपर्यंतच्या भट्ट्या पायी पालथ्या घातल्या आणि नवव्या दिवशी राघोला घेऊन आले. वकील गाठून ठाण्याला अपील केलं. तिथल्या जज्जांनी विचारलं, की पक्षकारांना मान्य असलेली गोष्ट कोर्टाला पटत नव्हती, तर तसं सांगून पुरावा द्यायची संधी का दिली नाही? दावा शहापूरला परत आला, राघो बोलला, शेठने मान डोलावली, सोमा जिंकला. पण मधे दोन हंगाम गेले होते, आणि ते दोन्ही हंगाम सोमाची बायको एकटी मजुरीला जात होती.

त्यानंतर दर कापणीला आतोबा सोमाच्या पाड्याकडे जात. सोमा डाव्या हाताने विळा चालवायला शिकला होता, पण भाताचा भारा बांधायला दोन्ही हातांची बोटं लागतात. त्याच्या वाटचे भारे आतोबा बांधत. त्यांना शेतातलं काही येत नसे. भारा उचलला की सुटे. सोमाची बायको कमरेवर हात ठेवून बघत राही.

"वहिनी, सांगत का नाही त्यांना?" एकदा आतोबांबरोबर गेले होते तेव्हा मी विचारलं.

"बांधू दे गो त्यांना," ती म्हणाली.

आणि आतोबा बस धरायला बांधावरून दिसेनासे झाले, की ती एकेक भारा सोडून पुन्हा बांधायला बसायची.