चौथ्या मजल्यावरचं भातशेत

नवा गेम निघाला की तो आधी बनवणाऱ्याला कळतो आणि त्याच्या मागोमाग मला. गोळ्या फोडायचे, ट्रक पळवायचे, मांजरीला हॉटेल काढून द्यायचे, सगळे माझ्या फोनमधून खाऊन-पिऊन गेलेत. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते, तिथे लोक नटबोल्ट मागायला येतात आणि नटबोल्ट विसरून गेम घेऊन जातात. एकदा त्यापायी एक अख्खं मशीन अर्धा दिवस बंद होतं. बरं, अर्धा दिवस नाही, पंधरा मिनिटं. पण बंद होतं.

तर असा माझा जुना फोन सासूबाईंकडे गेला, तेव्हा तो रिकामा कसा द्यायचा? मी त्यात नुकताच आलेला शेतीचा गेम टाकून दिला. हिरवंगार शेत, त्यात चोवीस चौकोन, बाजूला कोंबड्या. चौकोनावर बोट ठेवलं की पेरणी, पुन्हा ठेवलं की पाणी, पिवळं झालं की कापणी. शेजारच्या शेतात जाऊन मदतही करता यायची.

सासूबाईंनी चष्मा पुसून दोनदा लावला. "हा भात आहे?"

"हो आई."

"आणि आवणी कधी करायची? रोपं उपटून लावायची कधी?"

"ती यात नसते."

"मग भात कसला? मेथीची जुडी म्हण की सरळ!"

दोन दिवस त्यांनी त्या शेताचं तोंड पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी पाहते तर बाई पलंगावर पाय दुमडून बसलेल्या, आणि नेहमीसारख्या टीव्हीकडे तोंड करून नाही, तर खिडकीकडे. म्हटलं, असं का? तर म्हणाल्या, "शेताची वरची बाजू उत्तरेला यायला नको? आडवं ठेवून कोण कसतं?"

त्यानंतरच्या दुपारी मला अजून धड खऱ्या वाटत नाहीत. बदलापूरच्या मांजर्लीतलं आमचं घर चौथ्या मजल्यावर, खाली उल्हास नदी संथ पडलेली. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की मी त्यांच्या शेजारी आडवी व्हायचे. फोनचा हिरवा उजेड त्यांच्या गालावर, तिथून भिंतीवर, तिथून छतावर चढायचा. पंखा फिरायचा आणि माझ्या डोळ्यांवर झापड येता येता त्या वाऱ्याने भात डुलायला लागायचा. हॉलभर घोट्याएवढं पाणी साचायचं. फ्रिजवर बगळे येऊन बसायचे आणि कुणी दार उघडलं तरी उडायचे नाहीत. चहा ठेवायला उठले तर मी गाऊन वर धरून चालायचे, भिजू नये म्हणून. विश्वास ठेवू नका हवं तर, पण सोफ्याखाली मी खेकड्याचं बीळ पाहिलंय.

आणि सासूबाई बोलायच्या. एरवी माहेरचं नाव न काढणारी ही बाई. त्यांची वाडी बारवी धरणाच्या पाण्याखाली गेलेली. त्यांच्या बापाच्या बांधावरून आता मासे ये-जा करतात. पण चौकोन भिजवता भिजवता त्या म्हणायच्या, "इथे दगड होता मोठा. इथे आम्ही न्याहारीला बसायचो," आणि बोट अशा जागी ठेवायच्या जिथे गेममध्ये एक कोंबडी होती. कोंबडी बिचारी बाजूला सरकायची. म्हणजे मला तरी तसं दिसायचं.

याच शेतात एक शेजारी यायला लागला. नाव नाही, गाव नाही. ज्याने नाव लिहिलेलं नसतं त्याला गेम 'पाहुणा' म्हणतो आणि पिवळ्या पिल्लाचं चित्र देतो, तसलं ते पिल्लू. रोज दुपारी हजर. सगळं पीक कापून जायचं, पण चोवीसपैकी तेवीसच चौकोन. वरचा, उजव्या हाताचा कोपरा तसाच उभा.

"नवा गेम आहे आई," मी म्हटलं, "काहीतरी अडत असेल त्यात."

सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. "अडत नाही काही. राखणदाराचं ठेवलंय."

त्यांच्या वाडीत कापणी झाली की उगवतीकडच्या कोपऱ्यात थोडा भात उभा ठेवायचे, शेत राखणाऱ्या देवासाठी. बाजूच्या पाड्यावरही तसं करत नसत, फक्त त्यांच्यात. आणि वाडीतली माणसं तर कधीच पांगलेली.

"मग हे कोण?" मी विचारलं.

"ती आहे," सासूबाई म्हणाल्या आणि फोन उशीखाली घातला.

आमच्या घरात नुसतं 'ती' म्हटलं की एकच बाई. सासूबाईंची धाकटी बहीण, उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये राहणारी आमची मावशी. सात वर्षं दोघींत अक्षर नाही. कारण सांगते. मावशीच्या मुलाच्या लग्नात ती आचाऱ्यावर विश्वास न ठेवता स्वतः भाताच्या टोपापाशी उभी राहिली होती. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "कणी राहिली गं भातात." हळूच म्हणाल्या. पण आमच्या सासूबाईंचं हळू म्हणजे बदलापुरात बोललेलं अंबरनाथला ऐकू जातं. व्याह्यांनी ऐकलं, वरातीच्या घोड्यानेही ऐकलं असावं, कारण त्याने मान फिरवली. भात पिकवणाऱ्या घरच्या बाईला चारचौघांत असं म्हणायचं! तेव्हापासून दोघी एकाच मांडवात पाठीला पाठ लावून बसतात.

मी मात्र मावशीला चोरून फोन करायचे, कोलंबीच्या लोणच्याचं प्रमाण विचारायला. प्रमाणाच्या बदल्यात हा गेमही कधीतरी मीच तिला दिलेला, आणि तिचा नंबर त्या जुन्या फोनमध्ये राहिलेला. आणि हा गेम असा आगाऊ, की फोनमधले नंबर हुडकून परस्पर शेजार जोडतो. जे सात वर्षांत नातेवाइकांना जमलं नाही ते त्याने कुणालाही न विचारता करून टाकलं.

त्या संध्याकाळी सासूबाई गुपचूप पाहुण्याच्या शेतात गेल्या. तेवीस चौकोन कापले, एक ठेवला. पुढचा महिनाभर दोघींचं बोलणं म्हणजे एवढंच, एक उभा कोपरा इकडून आणि एक तिकडून. गेममध्ये शेजाऱ्याला पाठवायला तयार चित्रं होती, फूल, अंगठा, हसणारी गाय.

"पाठवा की एक," मी म्हणायचे.

"मोठी मी. आधी तिने पाठवू दे."

"गाय तरी पाठवा."

"गाय पाठवून माफी मागू? बरी आहेस ना?"

मग एके दिवशी पिल्लू आलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाणी नसलं की या गेममध्ये पीक आधी फिकं पडतं, मग तपकिरी होतं. दुसऱ्याच्या शेतात दिवसाला तीनच चौकोन भिजवता येतात. सासूबाई रोज तीन भिजवायच्या आणि रोज पाच वाळलेले मोजायच्या. चौथ्या दुपारी त्यांनी ताट अर्ध्यावर सरकवलं.

"तिला साखर आहे," त्या म्हणाल्या. "पायाला जखम झाली तरी सांगायची नाही कुणाला. लहानपणापासून तशीच."

"मी फोन करते."

"तू नको. सुनेला पुढे केलं म्हणेल."

"मग तुम्ही करा."

"आणि काय बोलू? सात वर्षांनी फोन करायचा आणि विचारायचं, तुझं शेत का वाळलं?"

"तेच विचारा."

त्या पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसल्या. छतावर त्या दिवशी हिरवा उजेड नव्हता, सगळं मातकट होतं. मला वाटलं, सोफ्याखालचे खेकडेसुद्धा बीळ सोडून निघालेत. दहा मिनिटांनी मागून आवाज आला. "गाडी काढ."

ठेवणीतली साडी नेसून त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या, एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्यात फोन. अंबरनाथ कधी आलं, कधी गेलं, मला आठवत नाही. ऊन असं होतं की पत्र्याच्या शेड पाण्यासारख्या हलत होत्या आणि आम्ही रस्त्यावरून न जाता कुठल्यातरी लांबलचक बांधावरून चाललोय असं वाटत होतं. मध्येच कानाशी आवाज यायचा, "अजून एक गेला," आणि मी गाडी जोरात पळवायचे. विमानाएवढी पळवली असेन.

कॅम्प एकच्या गल्लीत मावशीचं घर कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्याला. जिन्यात शेजारची सिंधी बाई भेटली. ती मावशीला अदी म्हणते, म्हणजे त्यांच्यात मोठी बहीण. "अदी के यहाँ? अंदर ही है," ती म्हणाली. 'अंदर ही है' ऐकून सासूबाईंनी कठडा धरला. मग दार वाजवलं.

दार मावशीनेच उघडलं. हाताला पीठ, पाय दोन्ही धड. सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जिवंत आहेस तर."

"मग? मरताना तुला कळवलं नसतं?"

"शेत का वाळवलंस?"

मावशीने पदराला हात पुसले. "फोन आमटीत पडला. दुकानात दिलाय. रोज उद्या म्हणतो मेला."

"आमटीत? आमटीत काय करत होता फोन?"

"तुझंच शेत कापत होते," मावशी म्हणाली. "एका हाताने ढवळत होते."

सासूबाईंनी हातातला फोन एकदा पाहिला आणि पदराखाली झाकला. 

"तीन चौकोन तरी भिजवायचे होतेस," मावशीच पुढे म्हणाली.

"भिजवले. रोज भिजवले. मला शिकवू नकोस."

"रोज?"

"मग काय, वाळू देऊ?"

मावशी दारातून बाजूला झाली. "आत ये. उन्हातनं आलीस."

दोघी पलंगावर बसल्या, मध्ये फोन. त्या दिवसाचे तीन चौकोन बाकी होते आणि कुठले भिजवायचे यावर त्यांनी पाऊण तास वाद घातला. लग्नाचं कुणी काढलं नाही. मावशी म्हणे, वरचे घाल, पाणी आपसूक खाली उतरेल. सासूबाई म्हणे, फोनमध्ये नाही उतरत गं, वेडे. मी चटईवर टेकले आणि माझे डोळे मिटले. डोक्यावर कुठेतरी खूप पाणी होतं, हिरवं, उजेडाचं, आणि त्याच्या तळाशी दोन मुली मोठमोठ्याने भांडत चिखल तुडवत होत्या. त्यांना श्वास कसा पुरत होता, देव जाणे.

उठले तेव्हा उन्हं उतरली होती. सासूबाई चपला घालत होत्या.

"उद्या शेजारणीच्या नंबरवर फोन कर," मावशी सांगत होती. "कुठले तीन भिजवलेस ते सांग."

"आणि तुझा फोन आल्यावर?"

"आल्यावरही कर," मावशी म्हणाली आणि दाराची कडी उगाचच वर-खाली करत राहिली.