खमीर मारणारी पोरगी

चंद्रपूरच्या कॉलेजात रोज जा-ये करून एम.एस्सी. करताना मी खमीर मारायला शिकत होते, आणि वरोऱ्यात आमचं घर चालायचं ते खमिरावरच. अब्बांची पावाची भट्टी होती. रोजच्या पिठातला एक आंबलेला गोळा, म्हणजेच खमीर, ते दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवत. तो आजोबांच्या वेळेपासून जिवंत आहे, असं शपथेवर सांगत.

माझं खमीर रोग करणारं होतं, कँडिडा नावाचं. काचेच्या बशीत ते वाढवायचं, मधे खड्डा करून झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांचं दुधाळ पाणी सोडायचं. सकाळी त्या सायीसारख्या थरात खड्ड्याभोवती स्वच्छ गोल उमटलेला असे. तेवढ्या जागेत काहीच उगवलेलं नसे. आणि बशी उघडली की आमच्या भट्टीचा वास! वास घ्यायला मनाई होती, पण वास काय विचारून येतो? मी त्या गोलाकडे बघत बसे आणि आपण चंद्रपुरात आहोत हेच विसरून जाई.

घरी हे कौतुकानं सांगितलं, तर अब्बांचे हात परातीतच थांबले.

"खमीर मारून राह्यली तू? मंग माह्या पिठाले हात नोको लावू."

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. मी त्या परातीशेजारीच वाढले होते.

त्याच वर्षी अब्बांची नखं सुजली. कायम ओल्या हातांनी मळणाऱ्यांना होतं तसं. डॉक्टरांनी कँडिडाचंच नाव घेतलं, ट्यूब दिली आणि मळणं बंद करायला सांगितलं. अब्बांना वाटलं, आपलंच खमीर उलटलं.

"हे तुमचं नाई अब्बा, याचं खानदान वेगळं हाय."

"मंग तुहं ते पांढरं पाणी लाव ना मले."

"ते अजून बशीतच हाय. माणसाले लावाचं औषध नाई ते."

त्यांचा चेहरा पडला. माझाही.

पण गोळ्यात रोज नवं पीठ मळलं नाही तर तो मरणार होता, आणि अब्बांना बोटांपेक्षा त्याचीच काळजी जास्त. शेवटी त्यांनी माझ्यापुढे साबण ठेवला. "धू. कोपरापर्यंत."

मी धुतले. चिडून परत धुतले. गोळ्यात नवं पीठ मळून वर ओला कपडा टाकला आणि आम्ही दोघं भट्टीच्या उबेत बसून राहिलो. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते, दारातल्या उन्हात मैदा तरंगत होता. डोळे जड झाले, तरी मी कपड्यावरून नजर हलवली नाही. खरंच माझ्या हातांना मरण चिकटलं असेल तर? शिकलेली असूनही मला तसं वाटत होतं.

अब्बांनी कपडा उचलला. पीठ फुगून परातीच्या काठाला लागलं होतं. त्यांनी वाकून वास घेतला.

"म्हंजे तू पाहून मारते, सगळंच नाई," ते म्हणाले. "मळत जाय रोज."

मी तोंड फिरवून डोळे पुसले, आणि पिठाच्या हातानं पुसले म्हणून लगेच शिव्याही खाल्ल्या.